फरकोटवाल्याला हिरवा टॅग

आमच्या कंपनीच्या बसमध्ये त्या नटाचं नाव कधी कुणी घेत नसे. 'त्यानं' म्हटलं की तोच. हिंदी सिनेमात तो इतकी वर्षं काम करतोय की आधी नायक झाला, मग नायकाचा मोठा भाऊ, मग बाप आणि आता आजोबा. त्यानं केलेले निम्मे सिनेमे त्याला स्वतःलाही आठवत नसतील. आप्पांना मात्र ते आठवायचे. नुसते आठवायचे असं नाही, प्रत्येकाला त्यांनी टॅग लावून ठेवला होता.

या टॅगचं आधी सांगायला हवं. शिरूरच्या पुढं एमआयडीसीत आमची कंपनी आहे. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लहान लहान भाग आम्ही बनवतो. मशीनवरून उतरलेला माल शेवटी तपासणीच्या टेबलावर येतो आणि तिथं ट्रेला पुठ्ठ्याचा टॅग दोऱ्यानं बांधला जातो. चांगल्या मालाला हिरवा, दुरुस्त होण्यासारख्याला पिवळा आणि भंगारात जायचा त्याला लाल. आप्पा त्या टेबलावरचे सगळ्यात जुने इन्स्पेक्टर. त्यांनी एकदा बांधलेला टॅग सोडायला लावणं मालकालाही जमलं नव्हतं. शर्टाच्या खिशात तिन्ही रंगांचे कोरे टॅग कायम असायचे, आणि ते फक्त कंपनीच्या मालासाठी असायचे असं मुळीच नाही. कॅन्टीनच्या आमटीच्या पातेल्याला त्यांनी एकदा लाल टॅग बांधला होता. बसच्या वायपरला पिवळा. नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाला आहेराबरोबर कोणता टॅग देणार म्हणून सगळे टपून बसले होते, तर आप्पा गंभीरपणे म्हणाले, "अजून ट्रायल झाली न्हाई."

मी दौंडहून बसायचो. डिस्पॅचला होतो, म्हणजे आप्पांनी हिरवा टॅग लावला की तो माल ट्रकमध्ये चढवणं माझं काम. आप्पा केडगावला चढत. हातात डबा, इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चढले की कुणाकडं न बघता सरळ शेवटच्या सीटवर जाऊन बसत. पुढं जागा असली तरी मागंच. वाटेत कुणाचा पाय आडवा असला तर तुडवत आणि वर "पाय आत घ्या की" म्हणून त्यालाच दटावत. माणूस गर्विष्ठ आहे असं नवीन मंडळींचं मत व्हायचं. जुन्यांचंही तेच होतं, फक्त त्यांना त्याची सवय झाली होती.

बस चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली की चर्चेला तोंड फुटे. ड्रायव्हर मुलाणीचाचा आरशातून मागं बघत काडी टाकायचे.

"आप्पा, काल टीव्हीला त्याचा दरोडेखोराचा लागला व्हता. काय आवाज लावलाय! अजून अंगावर काटा येतो बघा."

"पिवळा," आप्पा मागून म्हणायचे.

"पिवळा? आवं, घोड्यावरनं उतरतो तवा..."

"घोडं चांगलं हाय. घोड्याला हिरवा."

सिनेमांची नावंही आमच्यात फारशी घेतली जात नसत. दरोडेखोराचा, जज्जाचा, दोन बायकांचा, आंधळ्याचा, फरकोटवाला. एवढ्यावर सगळ्यांना कळायचं. मी एकदा आप्पांना विचारलं, की देशात एवढे नट असताना याच्याच मागं का लागलात? दुसरे कितीतरी याच्यापेक्षा चांगले आहेत.

आप्पांना माझी कीव आली. "त्ये दोन-तीन वर्षांनी एक पीस काढतात. त्यो घासूनपुसूनच काढलेला असतो, त्याची काय तपासणी करायची? ह्यो गडी म्हंजी प्रॉडक्शन हाय. तीन शिफ्टमधी चालतो. प्रॉडक्शन म्हटलं की रिजेक्शन आलं. तपासायला मजा हिथं हाय."

वादाचा एक नियमही त्यांनीच घालून दिला होता. कुणाला टॅग मान्य नसेल तर त्यानं नमुना दाखवायचा. म्हणजे नुसतं तोंडानं भांडायचं नाही, उठायचं आणि तो प्रसंग करून दाखवायचा. कंपनीत गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ते खराब भाग पाठवतं, तसंच हे. बरेचजण इथंच गप्प बसत. चालत्या बसमध्ये मधल्या वाटेत उभं राहून जज्जासारखं हातोडा आपटणं सगळ्यांना जमत नाही.

सुनंदाताईंना जमायचं. त्या न्हावऱ्याला चढायच्या. तपासणीच्या टेबलावर आप्पांच्या शेजारीच बसायच्या, पण कंत्राटावर. दरवर्षी कंत्राट संपायचं, दरवर्षी नवीन व्हायचं. आता मात्र त्यांना कायम करण्याचं घाटत होतं, तसं नव्या क्वालिटी मॅनेजर मॅडमनी त्यांना बोलूनही दाखवलं होतं. घरी दोन मुली, नवरा टेम्पोवर, त्यामुळं 'कायम' हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्या वेळा यायचा की आम्ही त्यांना चिडवायचो, ताई, देवाला पण कायमच करा आता. त्या हसायच्या. कामाला चोख होत्या. आप्पा कुणाचं कौतुक करत नसत, पण एकदा त्यांनी सुनंदाताईंच्या डब्याला हिरवा टॅग बांधला होता. तो डब्यातल्या भाजीला नसून माणसाला आहे, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं होतं.

दोघांचं वाजायचं ते आंधळ्याच्या सिनेमावरून. तो सिनेमा देशभर गाजलेला. त्यात तो आंधळा गायक होतो, मुलीला शोधत गावोगाव फिरतो, शेवटी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिला ओळखतो. बक्षिसं मिळाली होती. सुनंदाताईंनी तो किती वेळा बघितला आणि किती वेळा रडल्या हे त्या अभिमानानं सांगायच्या. आप्पांचा त्याला लाल टॅग होता. दरोडेखोराला पिवळा देणाऱ्या माणसानं याला थेट भंगारात काढलं होतं.

"आप्पा, तुमाला काळीज हाय का न्हाई?"

"नमुना दाखवा."

ताई उठल्या. मान वर केली, डोळे बसच्या छताला लावले, दोन्ही हात पुढं पसरले आणि सीटांच्या मधून "माझी लेक कुठं हाय?" करत मागं निघाल्या. बस तेवढ्यात खड्ड्यात आदळली आणि ताई सातपुत्यांच्या मांडीवर बसल्या. सातपुते लेथवरचे ऑपरेटर, लाजाळू माणूस, ते नंतर आठवडाभर पुढच्या दारानं चढत होते. सगळी बस हसत होती. आप्पा हसले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "बघा, तुमी बी त्याच्यागतच केलं. खोटं."

"मग खरं कसं असतं?"

"ते मला ठावं न्हाई," आप्पा म्हणाले. "खोटं काय ते कळतं मला."

पण आप्पांचा खरा वेडेपणा याच्या पुढचा होता. लाल कोणाला हे एक वेळ समजू शकतं. हिरवा कुणाला होता? फरकोटवाल्याला. त्या नटाचा सगळ्यात पडेल, सगळ्यात हास्यास्पद सिनेमा कोणता, असं कुणालाही विचारलं तरी तो फरकोटवाल्याचं नाव घेईल. उतरतीच्या काळातला. श्रीमंत जमीनदार, बर्फातला बंगला, अंगावर जनावराएवढा केसाळ कोट, पुढच्या माणसाचं बोलणं संपायच्या आत हा बोलायला लागतो. एका प्रसंगात तो बंगल्याच्या जिन्यावरून खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या नायिकेला घर सोडून जायला सांगतो, एवढंच त्यात घडतं. लोकांनी त्यावरून मोबाइलवर विनोद केलेत. आणि आप्पा म्हणायचे, त्या जिन्यासारखं काम त्यानं जन्मात केलं नाही.

कारण विचारलं की उत्तर एकच. "टॅग दिलाय. कारण कागदावर लिव्हायचं नसतं, टॅगच कारण हाय."

मुलाणीचाचांना हे फार लागायचं. स्टिअरिंग हातात असल्यामुळं त्यांना नमुना दाखवता यायचा नाही, आणि नमुन्याशिवाय आप्पा तक्रार घेत नसत. पण एकदा उसाच्या हंगामात न्हावऱ्याच्या अलीकडं ट्रॉली उलटली आणि रस्ता बंद झाला. पुढं-मागं गाड्या, सगळीकडं ऊस. चाचांनी इंजिन बंद केलं, थंडीसाठी ठेवलेली घोंगडी अंगावर घेतली आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले. "आप्पा, बघा आता तुमचा फरकोटवाला." आणि ते असे काही रुबाबात पायऱ्या उतरून खाली रस्त्यावर गेले, की ऊस गोळा करणाऱ्या बायाही थांबून बघायला लागल्या.

आप्पा शेवटच्या सीटवरून सगळं बघत होते. म्हणाले, "चाचा, तुमी पायऱ्या बघून उतरला."

"मग न बघता उतरू? पडलो म्हंजी?"

"त्यो बघत न्हाई. परत बघा सिनेमा. आन् ती पोरगी बाजूनं बोलती तवा तुमी नुसतं डोळं फिरवलं. त्यो सगळी मान फिरवतो. खांद्यासकट."

"आवं, कोटाची कॉलर येवढी हाय, मान कशी फिरणार?"

"मग कॉलरला हिरवा द्या," कुणीतरी ओरडलं आणि विषय हशात गेला. आप्पा खिडकीबाहेर बघत बसले.

मान फिरवण्याचा विषय निघालाच आहे तर आप्पांच्या पद्धतीबद्दलही सांगतो. टेबलावर ते भाग उचलायचे, दोन बोटांत धरायचे आणि डोळे न हलवता मान हळूहळू डावीकडून उजवीकडं न्यायचे. मग भाग उलटा करून परत तसंच. आमच्या आधीच्या क्वालिटी मॅनेजरना ते इतकं आवडलं की त्यांनी आप्पांचा फोटो काढला, बाण काढून त्याचा तक्ता केला आणि टेबलाच्या वर भिंतीवर लावला. खाली सूचना होती, की नजर स्थिर ठेवा, मान फिरवा. नवीन माणूस आला की त्याला आठवडाभर आप्पांसारखी मान फिरवायला शिकवत. सुनंदाताईही तसंच शिकलेल्या. बाहेरच्या कंपन्यांचे साहेब तपासणीला यायचे तेव्हा हा तक्ता त्यांना मुद्दाम दाखवला जायचा. एकानं तर आप्पांना, "ये टेक्निक आपने कहाँ सीखी?" म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "आदत है."

गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी. एका गुरुवारी मी आणि आप्पा शिरूरला त्याचा नवीन सिनेमा बघायला गेलो, आजोबा झालेला. थिएटर रिकामं होतं तरी आप्पांनी शेवटची रांग धरली. अंधारात जाताना दोनदा ठेचकाळले आणि थिएटरच्या मालकाला शिव्या दिल्या. मी म्हटलं, आप्पा, इथून पडदा केवढासा दिसतोय, पुढं जाऊ. ते म्हणाले, "केवढासा दिसतो म्हणूनच समदा दिसतो." मला तेव्हा ते त्यांच्या इतर बोलण्यासारखंच तिरपागडं वाटलं. मध्यंतरात त्यांनी खिशातून बाटली काढून डोळ्यांत औषध घातलं. मी विचारलं तर म्हणाले, मशिनींची धूळ. आजोबाला त्यांनी पिवळा दिला.

त्यांचा आणखी एक वाईटपणा सगळ्यांना टोचायचा. संध्याकाळी परतताना सुनंदाताई न्हावऱ्याला उतरल्या की बस सुटेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहून सगळ्यांना हात करायच्या. त्यांची ती सवयच होती, माहेरी आलेल्या माणसाला वाटेला लावावं तशी. आम्ही सगळे खिडकीतून हात करायचो. आप्पा खिडकीशी बसलेले असूनही समोर बघत राहायचे. सुनंदाताई दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "आप्पा, हात उचलायला काय वजन हाय का?" आप्पा म्हणायचे, "मी बघितलं न्हाई." कुणाला ते खरं वाटायचं नाही.

मग ती तक्रार आली. गिऱ्हाइकाकडून भागांची एक पेटी परत आली. काही भागांच्या अगदी कडेला केसासारखी तड होती. ब्रेकच्या मालात तड म्हणजे काय, हे मी सांगायला नको. भाग गाडीत बसवण्याआधी सापडली म्हणून वाचलो. पेटी माझ्याकडंच उतरली आणि मीच ती मॅडमकडं घेऊन गेलो. मॅडम पुण्याहून येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, तपासणी कुणाची? त्या टेबलावर तेव्हा दोघंच बसत होती आणि दोघांचा माल एकाच पेटीत पडायचा. कोणता कुणाचा, हे सांगायला मार्ग नव्हता.

मार्ग नव्हता, पण लोकांनी तो काढला. आप्पांच्या नावावर इतक्या वर्षांत एक तक्रार नव्हती. सुनंदाताई कंत्राटावरच्या. कुणी उघड बोललं नाही, तरी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कंपनीचं मत झालं होतं. मॅडमनी ताईंना बोलावून सांगितलं, की चौकशी होईपर्यंत कायम करण्याचं थांबवलंय, आणि चुकी तुमची निघाली तर कंत्राटही पुढं चालू राहणार नाही. ताई बाहेर आल्या आणि परत टेबलावर बसल्या. भाग उचलायच्या, मान फिरवायच्या, खाली ठेवायच्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता. शेजारी आप्पा बसले होते. तेही तसंच करत होते. मला ते बघून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा चूक ताईंचीच वाटत होती.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये कुणी सिनेमाचं नाव काढलं नाही. ताई न्हावऱ्याला उतरल्या त्या सरळ चालत गेल्या, वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत आलेल्या मालाची मोजणी द्यायला मॅडमच्या केबिनमध्ये होतो. आप्पा दार न वाजवता आत आले. मला बाहेर जायला सांगतील असं वाटलं, पण त्यांनी मला बघितलंच नाही. मी दाराच्या बाजूला उभा होतो.

"मॅडम, एक टेस्ट घ्यायची."

"कशाची?"

"माझी. तुमी समोर बसा. मी तुमच्या नाकाकडं बघतो. तुमी तुमचा हात लांब बाजूला धरा आन् बोटं हलवा. मग हळूहळू पुढं आणा. मला दिसली की सांगतो."

मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनी हात लांब केला. बोटं हलवली. आप्पा म्हणाले, "न्हाई." हात थोडा आत आला. "न्हाई." आणखी आत. "न्हाई." मॅडमचा हात कानाच्या जवळ आला, गालाच्या जवळ आला. त्यांचं तोंड हळूहळू बदलत गेलं. नाकापासून वीतभर अंतरावर बोटं आली तेव्हा आप्पा म्हणाले, "आता दिसली. आता दुसरा हात."

दुसऱ्या हाताचंही तेच झालं.

"काचबिंदू हाय," आप्पा म्हणाले. "दौंडच्या डॉक्टरांनी कवाच सांगितलंय. समोरचं झकास दिसतं. कंपनीची दरसालची डोळे तपासणी समोरच्या तक्त्यावर व्हती, ती पास व्हतो. बाजूचं कुणी इचारत न्हाई. मी बी सांगितलं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "आप्पा, तरीही तो माल तुमचाच होता असं सिद्ध होत नाही."

"सुनंदाताईंचा व्हता असं बी सिद्ध न्हाई. पर त्यास्नी दोन्हीकडचं दिसतं. मला न्हाई. तड कडंला व्हती. आता तुमीच टॅग लावा."

तेवढ्यात मी हललो असेन, कारण आप्पांनी सगळी मान खांद्यासकट वळवली आणि मला बघितलं. "तुमी हितं हाय व्हय?" म्हणाले.

मला रागही आला होता, तो लपवत नाही. माझा मुलगा मोटारसायकल चालवतो. आमच्याकडच्या भागांवर चालणारे ब्रेक त्याच्या गाडीला असतील किंवा नसतील. आणि हा माणूस वर्षानुवर्षं निम्म्या डोळ्यांनी हिरवे टॅग बांधत होता आणि मी डोळे झाकून ते ट्रकमध्ये चढवत होतो. त्याच वेळी मला भिंतीवरचा तो तक्ता आठवला. ज्याला आम्ही कौशल्य म्हणून फोटो काढून लावलं होतं, ती त्यांची अडचण होती. शेवटची सीट, तुडवलेले पाय, थिएटरची शेवटची रांग, सगळं एकापाठोपाठ जागेवर बसत गेलं. राग तसाच राहिला, पण त्याच्या शेजारी आणखीही काहीतरी येऊन बसलं.

त्याच दिवशी आप्पांना टेबलावरून उठवलं. निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते, तेवढे त्यांनी स्टोअरमध्ये काढावेत असं ठरलं. ते म्हणाले, स्टोअरला नको, तिथं मांडण्या आहेत, सगळ्या बाजूनं डोक्याला लागतात. मी घरीच जातो. सुनंदाताईंना मॅडमनी बोलावून सांगितलं, की थांबवलेलं होतं ते आता पुढं चालू. भिंतीवरच्या तक्त्याचं काय करायचं यावर मॅडमनी दोन दिवस विचार केला, आणि शेवटी तो तिथंच ठेवला. दोन्ही डोळे चांगले असलेल्या माणसानं त्या पद्धतीनं बघितलं तर तड जास्त सापडते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. आजही तो तिथं आहे.

पण मला सांगायचंय ते आप्पांना उठवलं त्याच दिवशीच्या संध्याकाळचं, आप्पांच्या शेवटच्या बसचं. बातमी सगळ्यांना कळलेली. आप्पा चढले, मधल्या वाटेतून मागं निघाले आणि आज सगळ्यांनी पाय आत घेतले. ते त्यांना आवडलं नसावं. शिरूर मागं पडल्यावर मुलाणीचाचांनीच आरशात बघून, जरा जपून, विचारलं.

"आप्पा, आता तरी सांगा. फरकोटवाल्याला हिरवा का?"

आप्पा म्हणाले, "नमुनाच दाखवतो."

इतक्या वर्षांत त्यांनी कधी नमुना दाखवला नव्हता. ते उठले. चाचांनी बसचा वेग कमी केला. आप्पा शेवटच्या सीटपासून पुढच्या दारापर्यंत चालत आले. हात पुढं नाहीत, मान वर नाही, डोळे मोठे केलेले नाहीत. ताठ, रुबाबात. फक्त नीट बघितलं तर कळायचं, की प्रत्येक सीटच्या कडेला बोटाचं टोक लागतंय, जाता जाता सहज लागल्यासारखं. पाऊल आधी टेकून बघतंय आणि मगच वजन पडतंय. सातपुत्यांनी बाजूनं "आप्पा, सांभाळून" म्हटलं तसे ते खांद्यासकट वळले आणि त्यांच्याकडं असं बघितलं, की सातपुते ओशाळले. आणि मग आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की हे आम्ही नवीन काही बघत नव्हतो. हे आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ बघितलं होतं.

"ज्याला दिसत न्हाई त्यो हात पसरून फिरत न्हाई," आप्पा म्हणाले. "दिसत न्हाई हे कुणाला दिसू नये, ह्येच्यातच त्याचा दिवस जातो. आंधळ्याच्या शिनमात त्यानं आंधळा दाखवला. फरकोटवाल्यात त्यानं लपवला. त्या टायमाला त्याचं डोळं खरंच बिघडलं व्हतं का अॅक्टिंग व्हती, मला ठावं न्हाई. पर त्यो जिना मी वळखला. घरी टीव्हीम्होरं बसून मी येकटाच रडलो."

खरं काय ते तो नटच जाणे. त्या कोटाची कॉलरच मोठी असेल, चाचा म्हणतात तशी. पण बसमध्ये ते कुणी बोललं नाही.

"मग तुमच्या कामाला कंचा टॅग, आप्पा?" चाचांनी विचारलं. "हिरवाच की. आमी येवढे बसलेलो, कुणाला कळलं न्हाई."

"लाल," आप्पा म्हणाले. "माल बाहेर गेला."

ते परत जागेवर जाऊन बसले. न्हावरं आलं. सुनंदाताई उठल्या, पण उतरायला पुढं जाण्याऐवजी मागं गेल्या आणि आप्पांच्या समोर उभ्या राहिल्या, बरोबर समोर, त्यांना दिसतील अशा.

"आप्पा, आंधळ्याच्याला आजपास्नं माझा बी लाल."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमी रडला हाय त्याला. तुमचा टॅग राहू द्या." मग म्हणाले, "माझा पिवळा करतो."

लावलेला टॅग आप्पांनी बदललेला आम्ही तो एकदाच बघितला. ताईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसत उतरल्या. खाली रस्त्याच्या कडेला त्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. चाचांनी बस सोडली नाही. आम्ही सगळे मागं वळून आप्पांकडं बघत होतो. ताई खिडकीच्या बाजूला होत्या, समोर बघणाऱ्या आप्पांना दिसणार नाहीत अशा.

आप्पांनी कुणाचीही पर्वा न करता सगळी मान वळवली, खांद्यासकट, मग आणखी थोडी, ताई सापडेपर्यंत. आणि हात उचलला.